दोन किलोमीटरची वाट, चार तास

एखाद्या राखीव जंगलात किंवा पाणथळीवर जाऊन आलेली बरीच माणसं परतताना एकच वाक्य बोलतात: "काही दिसलंच नाही." जंगल रिकामं नसतं, चालण्याचा वेग चुकलेला असतो. डोंगर चढणाऱ्यांचा एक जुना हिशेब आहे, स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला: सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. पोचायचं असेल तर हा हिशेब उत्तम. बघायचं असेल तर तासाला अर्धा किलोमीटर धरा, त्यात बसणंही आलं. म्हणजे चार तास हाताशी असतील तर दोन किलोमीटरची वाट निवडायची, आठची नाही. आणि तीही पुरी झालीच पाहिजे असा हट्ट नको. अर्ध्यातून आल्या पावली परतलात तरी चालतं. तोवर उजेडाची दिशा बदललेली असते आणि सकाळी अंधारात असलेल्या फांद्या आता नीट दिसतात.

वाट कोणती निवडायची? नकाशावर आधी लांबी वाचू नका, रंग बघा. झाडी, गवत, पाणी, झुडपं यांचे रंग जिथे एकमेकांना चिकटतात त्या शिवणीवरून जाणारी वाट घ्या. झाडीत राहणारे पक्षी चरायला उघड्यावर येतात ते तिथेच, हरणं गवतात उतरतात आणि धोका वाटला की आत घुसतात तीही तिथूनच. खोल रानातून तीन तास चालून जेवढं दिसतं, तेवढं काठावर कधी कधी अर्ध्या तासात दिसतं. मात्र एक गोष्ट लक्षात असू द्या. दाट, सावलीच्या रानात राहणाऱ्या काही जाती हा काठ टाळतात. रानातून नवी वाट काढली की नवा काठ तयार होतो, आणि त्यांचं रान तेवढं आक्रसतं. म्हणूनच ज्या वाटेला फाटे कमी, ते रान चांगलं सांभाळलेलं, असं मी तरी समजतो.

गवताळ माळाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लोक त्याला ओसाड समजून पटकन ओलांडतात. तिथे झाड नाही म्हणजे काही नाही असं वाटतं आणि मग कुणीतरी उत्साहाने रोपंही लावतं. माळावर चंडोल, टिटवी, लावा, तित्तर असे पक्षी जमिनीवर घरटी करतात. त्यांचं सगळं संरक्षण लांबवर नजर जाण्यात आणि अंड्यांच्या मातकट रंगात असतं. मध्येच झाड उभं केलं की शिकारी पक्ष्याला टेहळणीची फांदी मिळते आणि जमिनीवरची घरटी उघडी पडतात. माळावर वाट सोडून चार पावलंसुद्धा जाऊ नका. टिटवीचं घरटं म्हणजे खड्यांच्या मध्ये एक उथळ खळगा आणि त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला वळवलेली. तुम्ही त्याकडे थेट बघत असलात तरी ते दिसत नाही, पायाखाली गेल्यावरच कळतं.

पाणथळीवर लोक उघड्या पाण्याकडे बघतात, पण खरी पंगत चिखलात बसलेली असते. चोचीची लांबी बघा. आखूड चोचीचे छोटे पक्षी धावतात, थांबतात, वरवरचं काहीतरी टिपतात. मध्यम चोचीचे टोचत पुढे सरकतात. लांब चोचीचे पार डोळ्यांपर्यंत चोच खुपसून आतले किडे काढतात. एकाच हातभर चिखलात तिघांचं पोट भरतं, कारण प्रत्येकाचं अन्न वेगळ्या खोलीवर असतं. पायांच्या लांबीचंही तसंच: कोण काठावर, कोण घोटाभर पाण्यात, कोण गुडघाभर. पाण्याची पातळी वीतभर वाढली की सगळा चिखल बुडतो आणि हे पक्षी उठून जातात. म्हणून तळं काठोकाठ भरलेलं असताना चिखलातले पक्षी शोधत बसू नका, पाणी ओसरू लागलं की या.

आणि उभं वाळलेलं झाड दिसलं तर त्याच्यासमोर दहा मिनिटं द्याच. सुतारपक्षी खोदतो, पुढच्या हंगामात ती ढोली मैना, पोपट किंवा पिंगळा घेतो. साल सुटलेल्या जागी वटवाघळं शिरतात, बुंध्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि बुरशी. ढोलीच्या तोंडाची कड गुळगुळीत झालेली असेल, खाली ताजी विष्ठा पडलेली असेल, तर ती सध्या वापरात आहे. तोंडावर कोळ्याचं अख्खं जाळं असेल तर तिथून बऱ्याच वेळात कुणी ये-जा केलेली नाही.

वेळेचं गणित सोपं आहे, तरी बहुतेकांचं तेच चुकतं. पक्ष्यांसाठी सूर्योदयाच्या आधी अर्धा तास वाटेच्या तोंडाशी हजर राहायचं. पुढचे दोन-अडीच तास सर्वांत चांगले. फुलपाखरं आणि चतुर यांना मात्र इतक्या लवकर शोधून उपयोग नाही. त्यांच्या पंखांचे स्नायू तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही, म्हणून ऊन अंगावर येईपर्यंत ती पंख पसरून पानावर बसून असतात. अशा वेळी कॅमेरा अगदी जवळ नेता येतो. सरडे आणि सापसुरळ्या दगडावर ऊन खायला येतात तीही साधारण तेव्हाच. दुपारी सगळं शांत होतं. ती वेळ ठसे, विष्ठा, पिसं, ढोल्या पाहायला ठेवा. सस्तन प्राण्यांसाठी दिवसाचा शेवटचा तास. फक्त दाट झाडीखाली अंधार सूर्यास्ताच्या बराच आधी उतरतो, तेव्हा परतीची वेळ घड्याळावर बांधून ठेवा आणि बॅटरी भरदिवसाही पिशवीत असू द्या.

दुर्बीण घेताना लोक मोठा आकडा घेतात. ८×४२ मध्ये ८ म्हणजे आठपट मोठं दिसणं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. डोळ्याशी येणारा प्रकाशाचा ठिपका तेवढ्या मिलिमीटरचा असतो. पहाटेच्या अंधुक उजेडात आणि झाडीत हाच ठिपका कामी येतो. १०×४२ मध्ये तो ४.२ वर येतो, हाताची थरथरही दहापट मोठी दिसते आणि नजरेत मावणारी जागा बहुधा लहान होते. रानातल्या वाटेसाठी आठपटच बरी. उघड्या तळ्यावर दूरचे पक्षी बघायचे असतील तर दहापटीचा विचार करा.

दुर्बीण डोळ्यांना जुळवून घेणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि बरेच जण ते वर्षानुवर्षं करतच नाहीत. उजवं भिंग हाताने झाका. डाव्या डोळ्याने वीस-तीस मीटरवरच्या एखाद्या फलकावरची अक्षरं मधल्या चाकाने स्पष्ट करा. आता डावं झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रभिंगाची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. इथून पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी कडा पूर्ण आत करा, नाहीतर चित्राच्या कडा काळ्या पडतात. पक्षी सापडत नाही ही सर्वांची तक्रार असते. त्याचं कारण म्हणजे लोक मान खाली घालून दुर्बीण शोधतात आणि मग पुन्हा वर बघतात. नजर पक्ष्यावरून हलवायची नाही, दुर्बीण उचलून डोळ्यांपुढे आणायची. घराबाहेर पडण्याआधी झाडाच्या एखाद्या पानावर वीस वेळा हा सराव केला की हात बसतो. गार गाडीतून दमट हवेत उतरल्यावर भिंगं धुकटतात. पुसू नका, दहा-पंधरा मिनिटं उघडी राहू द्या, आपोआप निवळतात.

आता बसण्याविषयी.

चालणारा माणूस रानात एक लाट घेऊन फिरतो. त्याच्या पुढे पक्षी इशारा देतात, बाकीचे तो इशारा ऐकून गप्प होतात, आणि तो पोचतो तेव्हा रान खरंच रिकामं झालेलं असतं. ही लाट विरायला वेळ लागतो. पाठ झाडाला किंवा दगडाला टेकवून बसा, म्हणजे आकाशाच्या उजेडासमोर तुमची आकृती दिसणार नाही. बसायची जागा आधी डोळ्यांनी आणि काठीने तपासा. वीस मिनिटांच्या आत उठायचं नाही. पहिली दहा मिनिटं बहुधा काहीच घडत नाही, आणि नेमकी तेव्हाच माणसं उठतात.

तळ्याच्या काठाशी बसलात तर आधी पायांजवळचं पाणी बघा. लांब पायांचे किडे पाण्यावर उभे दिसतील. त्यांच्याकडे नका बघू, उथळ पाण्याच्या तळाशी त्यांची सावली बघा. काटकुळ्या पायांच्या सावलीऐवजी गोलसर काळे डाग दिसतात, किड्याच्या अंगापेक्षा मोठे. पाय जिथे टेकतो तिथे पाण्याचा पृष्ठभाग फाटत नाही, ताणून खाली दबतो. तो दबलेला खळगा भिंगासारखा उजेड बाजूला वळवतो आणि तळावर गोल सावली पडते. किडा सरकला की डाग सरकतात.

मग वेताच्या, लव्हाळ्याच्या काड्यांवर नजर फिरवा, पाण्यापासून वीत-दोन वीत उंचीपर्यंत. तपकिरी, पोकळ, सहा पायांनी काडीला घट्ट धरून बसलेलं एक सोंग दिसेल. पाठीवर उभी चीर, आणि चिरेतून बाहेर लोंबणारे बारीक पांढरे धागे. ही चतुराची कात. पाण्यात वाढलेली अळी काडीवर चढली, पाठ फुटली आणि आतून पंखवाला चतुर बाहेर आला. पांढरे धागे म्हणजे अळीच्या श्वासनलिकांची आतली अस्तरं, कातीबरोबर खेचून निघालेली. तळं कसं आहे हे ठरवायला मला उडणाऱ्या चतुरांपेक्षा ही कात जास्त भरवशाची वाटते. उडणारा चतुर दुसरीकडून आलेला असू शकतो. कात मात्र सांगते की इथल्या पाण्यात एक अळी पूर्ण वाढेपर्यंत जगली. कात काडीवरच राहू द्या, पुढच्यालाही दिसू दे.

बांधलेलं लपण, म्हणजे आत बसून फटीतून पक्षी बघायची खोली, असेल तर त्याचा एक नियम कुणी सांगत नाही: आत शिरल्यावर मागचं दार लावून घ्या. दार उघडं राहिलं की मागून उजेड येतो आणि समोरच्या फटीत तुमचं हलतं डोकं पक्ष्यांना स्पष्ट दिसतं. फटीबाहेर हात किंवा लेन्स काढू नका. बोट दाखवून सांगण्यापेक्षा "वाळलेल्या खुंटाच्या डावीकडे, दोन हात" असं शब्दांत सांगायची सवय लावा.

कपड्यांच्या रंगाची लोक फार चिंता करतात. हरणांना तांबडा-नारिंगी आपल्यासारखा वेगळा दिसत नाही. पक्ष्यांची रंगदृष्टी मात्र आपल्यापेक्षा सरस असते. पण दोघांनाही सर्वांत आधी दिसते ती हालचाल. मातकट, न सळसळणारं कापड, पूर्ण बाह्या, आणि पायमोज्यात खोचलेली पॅंट एवढं पुरे. वाऱ्याकडे मात्र लक्ष द्या. चिमूटभर कोरडी माती खांद्याच्या उंचीवरून सोडा, ती कुठे वाहते ते बघा. माती तुमच्याकडे येत असेल तर चालत राहा. पुढे जात असेल तर तुमचा वास तुमच्या आधी पोचलेला आहे, दुसऱ्या बाजूने या. अत्तर घरीच.

ठसे वाचायला ओल्या कडेची माती आणि तिरका उजेड हवा. सकाळचं ऊन आडवं येतं तेव्हा ठशाच्या कडेला सावली पडते आणि बोटं उठून दिसतात. दुपारी तोच ठसा सपाट भासतो. चार बोटं, नखांच्या खुणा नाहीत, आकार गोलसर आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलाई असतील तर मांजरकुळातलं जनावर. नखं उमटलेली, आकार लांबट आणि बोटांच्या व तळव्याच्या मधून फुलीसारख्या दोन रेषा काढता येत असतील तर कुत्र्याच्या कुळातलं. पण मांजर घसरडीवर नखं काढतं, म्हणून एका ठशावर निकाल देऊ नका, पुढचे चार-पाच शोधा. चिखलात ठसा पसरतो आणि प्राणी आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. रानमांजराचा बिबट्या बहुधा असाच होतो. मोजायचं असेल तर ठशाच्या तळाची रुंदी मोजा, वरच्या पसरलेल्या कडेची नाही. सशाच्या उड्यांमध्ये मागचे दोन मोठे पाय पुढच्या पायांच्या पुढे पडतात, त्यामुळे पुष्कळजण तो उलट दिशेला गेला असं समजतात. फोटो घेताना ठशाशेजारी पट्टी किंवा पेन्सिल ठेवा आणि कॅमेरा बरोब्बर वरून धरा. ताजेपणा कडेवरून कळतो: कड धारदार असेल तर ताजा, कोसळलेली असेल, आत पावसाच्या थेंबांचे खळगे किंवा मुंग्यांनी काढलेली माती असेल तर जुना.

वाटेच्या मधोमध किंवा फाट्यावरच्या उंच दगडावर विष्ठा दिसली तर ती मुद्दाम तिथे ठेवलेली असते, हद्दीची खूण म्हणून. पायाने बाजूला सारू नका. केस आणि हाडांचे तुकडे असतील तर मांसाहारी, बियाच बिया असतील तर बहुधा उदमांजरासारखा फळं खाणारा, पाण्याकाठी माशांचे खवले असतील तर पाणमांजर. काडीनेच उलगडा, हात लावू नका आणि नाक जवळ नेऊ नका. त्यात जंतांची अंडी असतात. झाडाखाली अंगठ्याएवढ्या राखाडी, केसाळ गोळ्या पडलेल्या असतील तर ती विष्ठा नसते. घुबडाने न पचलेली हाडं आणि केस ओकून टाकलेले असतात, आत उंदराची अख्खी कवटी सापडते. वर बघा, पण झाडाखाली थांबून राहू नका.

जवळ किती जायचं? मीटरमध्ये उत्तर नाही, प्राणीच सांगतो. चरणं थांबवून मान वर केली, की तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. थांबा, नजर दुसरीकडे वळवा, दोन पावलं मागे या. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली किंवा एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे चालला, तर घरटं किंवा पिलं अगदी जवळ आहेत. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने परत फिरा. तुमच्या भीतीने पक्षी उठून गेला की उन्हात अंडी तापतात, थंडीत गार पडतात. फोटोसाठी बाजूला केलेलं गवत घरट्याचं तोंड उघडं पाडतं आणि मागे राहिलेल्या पायवाटेवरून मुंगूसही पोचतं.

मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं मला अजिबात पटत नाही. त्या पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो पिलांना भरवणं सोडून न दिसणाऱ्या शत्रूशी भांडत राहतो. तुम्ही पाच मिनिटं वाजवता. तुमच्या मागून दुसरा गट येतो आणि तोही वाजवतो. खायला घालण्याचंही तेच. तळ्यात टाकलेला पाव बदकं सगळा खात नाहीत, उरलेला कुजतो, शेवाळ माजतं आणि पाण्यातला प्राणवायू घटतो.

वाटेवर डबकं आलं तर त्यातून जा. गंमत वाटेल, पण कारण पक्कं आहे. प्रत्येक जण कडेने जातो, कडेचं गवत तुडवलं जातं, तिथेही चिखल होतो, पुढचा आणखी बाहेरून जातो. एका पावसाळ्यात हातभर वाट चार हात होते. तुडवलेल्या मातीतली छिद्रं बंद होतात, पाणी मुरत नाही, वाटेवरूनच वाहू लागतं. उतारावरची नागमोडी वळणं कापून सरळ उतरणं तर सर्वांत वाईट: माणसांनी पाडलेली ती सरळ रेघ पहिल्या मोठ्या पावसात पाणी पकडतं आणि तिथे घळ पडते. म्हणून पाणी आत शिरलं तरी चालेल असे, पकड चांगली असलेले बूट घाला.

धोक्यांपैकी साप सर्वांत कमी भेटतो. जिथे दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, एवढं पाळा. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काही करू नका. अंगठी-कडं काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि सरळ रुग्णालय गाठा. गोचीड लागली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा, तेल लावणं किंवा चटका देणं नको. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा चट्टा आला तर डॉक्टरांना ती सांगा. मधमाश्यांचं पोळं दिसलं तर त्याखाली थांबायचं नाही. उठल्याच तर तोंड झाकून पळायचं, पाण्यात उडी मारायची नाही.

वहीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ, किती अंतर, हवा, जात, संख्या आणि तो काय करत होता हे लिहा. "तीन बगळे" पेक्षा "तीन बगळे, एकाच्या चोचीत काडी" ही नोंद दहापट कामाची, कारण त्यातून घरटं बांधणं चालू आहे हे कळतं. ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकत असाल तर ओळखलेल्या सगळ्या जाती टाका, फक्त आवडलेल्या नाहीत. जे नव्हतं त्याचीही माहिती संशोधकांना त्यातूनच मिळते. अ‍ॅपने आवाजावरून सुचवलेलं नाव तुम्ही स्वतः ऐकून किंवा पाहून पटवल्याशिवाय नोंदवू नका. धोक्यात असलेल्या जातींची नेमकी जागा आयनॅचरलिस्ट हे सजीवांच्या नोंदींचं संकेतस्थळ आपोआप पुसट करतं. समाजमाध्यमांवर तसं कुणी करत नाही, म्हणून घरट्याचा आणि दुर्मीळ प्राण्याचा फोटो टाकताना ठिकाण लिहू नका.

परतल्यावर एक काम वाहनाशीच करायचं. बुटांच्या खाचांतली माती कडक ब्रशने काढा आणि मोज्यांना, बंदांना चिकटलेल्या बिया वेचून पिशवीत भरून कचऱ्यात टाका, तिथेच झटकू नका. तण एका रानातून दुसऱ्यात असंच जातं. पाण्यात उतरला असाल तर बूट दुसऱ्या तळ्यावर नेण्याआधी धुऊन कडकडीत उन्हात पूर्ण वाळवा. बेडकांच्या कातडीला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये झालं, आणि जगभरातल्या अनेक बेडूकजाती तिने संपवल्या किंवा संपवत आणल्या. ओल्या बुटांतून ती एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. ती कोरडेपणात टिकत नाही, म्हणून तळव्याच्या खाचा आतपर्यंत वाळल्या आहेत का ते बोटाने चाचपून बघा.